मागच्या चाकांचे मोजे

शेजारच्या फरामर्ज़ आगांनी बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या देऊ केल्या, तेव्हा मनूचेहर हो म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हो म्हणणार कसा? आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "आता तुम्ही ऐकतच नाही" असं म्हणत हात पुढे करायचा. फरामर्ज़ आगा दोनदा म्हणाले. मनूचेहर दोनदा नको म्हणाला. तेवढ्यात फरामर्ज़ आगांना आतून चहाची हाक आली आणि ते साखळ्या घेऊन घरात गेले.

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्यांनी," मनूचेहर घरात येऊन म्हणाला.

"मग जाऊन मागा की," त्याची बायको तलअत म्हणाली.

"दोनदा नको म्हटल्यावर? कुठल्या तोंडाने मागू?"

बर्फ आदल्या रात्रीच पडला होता आणि सकाळी गावातल्या दुकानांत एकही साखळी शिल्लक नव्हती. एरवी मनूचेहरने गाडी अंगणातून हलवलीही नसती. पण आज यल्दा होती, वर्षातली सर्वांत मोठी रात्र, आणि त्याच्या मुलाची, सियामकची, साखरपुड्यानंतरची पहिली यल्दा. मुलाकडच्यांनी कलिंगड, डाळिंबं, सुका मेवा आणि सुनेसाठी शाल घेऊन तिच्या घरी जायचं, हा रिवाज. आणि सून होती घाटापलीकडच्या वरकूह गावातली.

सुनेचे आजोबा, मश यदुल्ला, हे जरा अवघड प्रकरण होतं. साखरपुडाच त्यांनी नाइलाजाने मान्य केला होता. खालच्या गावातली माणसं मुलखाची आळशी, असं त्यांचं ठाम मत होतं. आठवड्यापूर्वी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पहिल्या यल्दाला सूर्य मावळायच्या आत जे घाट चढून येऊ शकत नाहीत, ते उद्या माझ्या नातीच्या अडीअडचणीला काय येणार? त्यांनी आपली मुलगी खालीच शोधावी." गोलरोखने, म्हणजे नातीने, हे रडत रडत फोनवर सियामकला कळवलं होतं. तेव्हापासून सियामकचं जेवणात लक्ष नव्हतं.

सियामकनेच मग मोबाइलवर काहीतरी शोधून काढलं आणि आईला दाखवलं. "मामान, हे बघ. परदेशात लोक चाकांना कापडी मोजे घालतात. बर्फ कापडाला चिकटतो आणि चाकाला पकड मिळते."

"चाकाला मोजे!" मनूचेहर म्हणाला. "उद्या स्वेटर मागेल."

पण तलअतने कपाटावरची जुनी लोकरीची जाजम खाली काढली होती. तिच्या माहेरची होती ती, जाड आणि खरखरीत. तिने चाकाचं माप घेतलं, कात्री चालवली, दुहेरी दोरा ओवला आणि दुपारच्या आत दोन मोजे शिवून तयार केले. कडेला नाडी होती. लाल-काळ्या पट्ट्यांचे ते मोजे खरोखर सुरेख दिसत होते. गल्लीतल्या दोन बायका ते बघून गेल्या आणि एकीने नमुना मागितला.

मनूचेहर मोजे घेऊन गाडीमागे उकिडवा बसला.

"बाबा," सियामक म्हणाला, "या गाडीला ते..."

"तू मला शिकवू नकोस. तीस वर्षं पेकान गाडी चालवली आहे मी. तुझा जन्म झाला तेव्हा तुला दवाखान्यातून आणलं ते त्याच पेकानमधून, भर बर्फात. साखळ्या मागच्या चाकांना लावतात."

"हो, पण बाबा, ही..."

"सियामक!"

सियामक सुशील मुलगा होता. वडिलांना एकदा सांगावं, दुसऱ्यांदा सांगावं, तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे उद्धटपणा, असं त्याला घरातच शिकवलं होतं. पेकान शरद ऋतूत विकली होती आणि तिच्या जागी ही छोटी पांढरी गाडी आली होती, हे त्याच्या ओठांवर आलेलं वाक्य तसंच राहिलं. मनूचेहरने मागच्या दोन्ही चाकांना मोजे चढवले, नाड्या आवळल्या आणि समाधानाने हात झटकले.

आता उरला बसण्याचा प्रश्न. मनूचेहरची थोरली बहीण, म्हणजे सियामकची आत्या, बद्री-अम्मे, बरोबर यायची होती. घरातलं सर्वांत मोठं माणूस गेल्याशिवाय अशा भेटीला शोभा नाही. वयाने मोठी, मानाने मोठी, आणि देहानेही मोठी. हे शेवटचं सगळ्यांना दिसत होतं पण गेल्या चाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. अम्मेचे यजमान गेले त्या वर्षी धाकट्या जावेने "आबजी, थोडी तब्येत सुधारली तुमची" एवढंच म्हटलं होतं. त्या दोघी अजून बोलत नाहीत.

"आबजी, तुम्ही पुढे," मनूचेहर बहिणीला म्हणाला.

"छे, छे. तलअत बसू दे पुढे. मी कुठेही बसेन."

"असं कसं? तुमच्याकडे पाठ करून आम्ही बसायचं?"

"अरे, आपल्या आपल्यात कसली पाठ!"

हे बराच वेळ चाललं, कारण आमच्याकडे ते चालावंच लागतं. शेवटी अम्मे पुढे बसली. गाडी पुढून थोडी वाकली आणि निघाली. मागे तलअत, तिच्या मांडीवर लाल फीत बांधलेलं कलिंगड, शेजारी सियामक, आणि दोघांच्या मध्ये डाळिंबांचं तबक. अम्मेने मान वळवून म्हटलं, "माफ करा हं, पाठ आहे तुमच्याकडे." मागच्यांनी, "तुमची पाठ म्हणजे आम्हाला तोंडासारखीच" असं काहीतरी म्हटलं. प्रवास असा रीतसर सुरू झाला.

घाटाच्या पायथ्याशी पोलिसांनी गाडी थांबवली. पोलीस तरुण होता आणि थंडीने त्याचं नाक डाळिंबासारखं झालं होतं.

"साखळ्या?"

"त्याहून चांगली वस्तू आहे," मनूचेहर म्हणाला. "मागे बघा."

पोलीस मागे गेला. खाली वाकला. बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा त्याने तोंड हातमोज्याने दाबून धरलं होतं.

"आगा, हे काय आहे?"

"मोजे."

"ते दिसतंय. पण नियम आहे की साखळ्या, नाहीतर तसंच काहीतरी साधन पाहिजे."

"तसंच आहे ते," बद्री-अम्मे खिडकीतून म्हणाली. "दुहेरी दोऱ्याने शिवलंय. तुझ्या आईने तुला घातलेत का असे मोजे? पाय बघ तुझे, भिजलेत. घरी गेल्यावर गरम पाण्यात ठेव." पोलिसाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "जा खानम. पण चाक घसरायला लागलं तर लगेच परत फिरा." त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

घसरण्याचा प्रश्न पहिला अर्धा तास आलाच नाही, आणि तिथेच घात झाला. घाटाचा खालचा भाग यंत्राने साफ केलेला होता. कोरडा डांबरी रस्ता. मोजे बर्फासाठी असतात, डांबरासाठी नव्हे. पण मोजे काढायला थांबायचं म्हणजे तलअतच्या कष्टांचा अपमान. मनूचेहर थांबला नाही. मागून आधी सर्र सर्र आवाज येत होता, मग फट् फट् येऊ लागला, मग यायचा बंद झाला.

"बघा, बसले नीट," तलअत कौतुकाने म्हणाली.

मधल्या वळणावर बर्फ लागला. गाडी चार हात चढली, तिचं तोंड डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि ती जागच्या जागी गुरगुरत उभी राहिली. सगळे उतरले. अम्मे सोडून, अर्थात. मागच्या चाकांवर मोज्यांच्या नाड्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि नाड्यांना लाल-काळी झालर.

तलअतने झालर हातात घेतली. बोटांनी सरळ केली. माहेरची जाजम होती.

"उत्तम शिवले होते," मनूचेहर घाईघाईने म्हणाला. "रस्ताच वाईट निघाला."

मग मनूचेहरने तीस वर्षांचा अनुभव बाहेर काढला. डाळिंबांवर भुरभुरायला आणलेली मिठाची पुडी त्याने मागच्या चाकांपुढे रिकामी केली. गाडी गुरगुरली, हलली नाही. त्याने मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली. हलली नाही. पायाखालच्या रबरी चटया काढून मागच्या चाकांखाली सारल्या. गाडीने त्या चटयांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सियामक मागून ढकलत होता, आणि त्याचा नवा सूट, मामाने इस्फहानहून पाठवलेला, गुडघ्यापर्यंत भिजला होता.

सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला होता. सियामकचा फोन वाजला. तो दोन पावलं बाजूला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"गोलरोख होती. म्हणाली, आजोबांनी छपरावर जाऊन रस्ता बघितला. कुणी दिसेना. सूर्य टेकला की फाटक लावून घेणार म्हणतात." त्याने फोन खिशात टाकला. "बाबा, ते लग्न मोडतील."

मनूचेहरने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. साखळ्यांना दोनदा नको म्हणणारी आपली जीभ आपणच का चावली नाही, असं त्याला झालं. आता एकच उपाय उरला होता आणि तो त्याला मघापासून दिसत होता. मागच्या चाकांवर वजन हवं. पेकानच्या डिकीत तो हिवाळाभर वाळूची दोन पोती ठेवत असे. इथे वाळू नव्हती. वजन मात्र होतं, आणि ते पुढच्या सीटवर जपमाळ ओढत बसलं होतं.

तो खिडकीशी गेला. "आबजी, तुम्हाला पुढे वारा लागत असेल."

"नाही रे. छान ऊब आहे."

"मागे पाय लांब करता येतील."

"पाय ठीक आहेत माझे."

"मागून देखावा चांगला दिसतो."

"मनूचेहर," अम्मे म्हणाली, "गाडी अडकली आहे, तू तिच्याकडे बघ. माझी काळजी करू नकोस."

तो हताश होऊन मागे आला. तेव्हा तलअतने पदर खोचावा तसा डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि स्वतः पुढे झाली. बायको असावी तर अशी.

"आबजी, मला मागे बसून फार मळमळतंय. वळणं सोसत नाहीत. सांगायला लाज वाटते, पण तुम्ही जर..."

"अगं वेडे, आधी नाही का सांगायचं!" अम्मेने लगेच दार उघडलं. कुणाला बरं नाही म्हटलं की ती जीव टाकणारी बाई. सियामकने हात दिला, तलअतने कोपर धरलं, आणि अम्मे धापा टाकत मागच्या सीटवर स्थिरावली. तलअत कलिंगड आणि तबक घेऊन पुढे बसली. गाडीचा मागचा भाग खाली बसला, स्प्रिंगांनी सुस्कारा सोडला.

आणि मनूचेहर, तीस वर्षांचा अनुभवी चालक, आनंदाच्या भरात ओरडला, "वा! आता बसलं वजन!"

मागच्या सीटवर जपमाळेचा मणी अर्ध्यावर थांबला.

"कसलं वजन?" अम्मेने विचारलं.

"सामानाचं," मनूचेहर म्हणाला.

"सामान पुढे गेलं. कलिंगड तलअतच्या मांडीवर आहे." अम्मेने तलअतकडे पाहिलं. "तुला मळमळत नव्हतं."

तलअतने मान खाली घातली. अम्मेने जपमाळ गुंडाळून पिशवीत ठेवली, डोक्यावरून घेतलेली चादर कपाळापर्यंत ओढली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. रुसली. ज्याने हे रुसणं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडची पोक्त बाई रुसली की ती रागावत नाही, ओरडत नाही, फक्त तुमच्यातून उठून जाते आणि तिथेच बसलेली असते.

"गाडी सुरू करतो," मनूचेहर क्षीण आवाजात म्हणाला. निदान अपमानाचं चीज तरी व्हावं. त्याने पाय दाबला. गाडी चढायचं सोडून दोन हात खाली घसरली.

मागे ढकलणारा सियामक बाजूला उडी मारून उभा राहिला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने वडिलांना तिसऱ्यांदा सांगितलं.

"बाबा, मागची चाकं फिरतच नाहीत! बर्फ पुढच्या चाकांनी उडतोय. या गाडीला पुढची चाकं ओढतात. मी सकाळपासून तेच सांगतोय. ही पेकान नाही!"

मनूचेहर खाली उतरला. पुढची चाकं पाहिली. त्यांनी बर्फात दोन गुळगुळीत वाट्या कोरल्या होत्या. मागे गेला. मागची चाकं निवांत उभी होती. त्यांना मोजे मिळाले होते, मीठ मिळालं होतं, चटया मिळाल्या होत्या, आणि आता घरातलं सर्वांत मोठं माणूस मिळालं होतं, आणि या सगळ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

"म्हणजे आबजी पुढे होत्या तेच..."

"तेच बरोबर होतं."

"मग आत्ता त्यांना पुन्हा..."

दोघांनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. मनूचेहरने धीर करून काचेवर टकटक केली. काच बोटभर खाली आली.

"आबजी, तुमची जागा पुढेच. वडीलधाऱ्या माणसाने मागे बसणं आम्हाला शोभतं का? या ना पुढे."

"मी पोतं आहे का?" आतून आवाज आला. "इकडून उचललं, तिकडे टाकलं?"

"चुकलं, आबजी. गाडीचं ते..."

"गाडीची माफी माग मग." काच वर गेली.

तलअतने विनवलं. काच हलली नाही. सियामकने "अम्मे जान, माझ्यासाठी" म्हटलं. काच हलली नाही, पण चादरीआडून नाक ओढल्याचा आवाज आला. भाच्यावर तिचा जीव होता. पण अशा वेळी उठून पुढे गेलं तर आपण वजन आहोत हे आपल्या पायांनी चालून कबूल केल्यासारखंच झालं असतं. तिचं काही चुकत होतं असं मला तरी वाटत नाही.

डोंगरावर आता सूर्याची नुसती कड उरली होती. सियामक गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "बाबा, अम्मे पुढे येत नाहीत, तर गाडी फिरवू या."

"परत जायचं?" मनूचेहरने विचारलं.

"नाही. रिव्हर्समध्ये चढू या. चढावर सगळा भार खालच्या बाजूच्या चाकांवर येतो. तोंड खाली केलं की पुढची चाकं खालच्या बाजूला येतात. पकड मिळेल."

"उलटा घाट चढायचा? यल्दाच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"लोक नाहीत इथे, बाबा."

हे खरं होतं. गाडी फिरवायला गुडघ्याएवढ्या बर्फातून मिनिटभर ढकलाढकल करावी लागली, आणि मग तिचं तोंड खाली, पाठ वर. तलअत कलिंगड छातीशी धरून पुढे बसली. तरी चाकं थोडी घसरली. तेव्हा सियामक, होणारा नवरदेव, इस्फहानच्या सुटासकट पुढे बोनेटवर जाऊन बसला आणि त्याने वायपर घट्ट धरला. "चला," तो म्हणाला.

आणि गाडी चढली. मुंगीच्या चालीने, इंजिन किंचाळत, पण चढली.

आता अडचण एवढीच होती की मनूचेहरला मागचं काही दिसत नव्हतं. मागच्या काचेत सगळीकडे बद्री-अम्मे होती. "आबजी, डावीकडे किती जागा आहे?" त्याने विचारलं. उत्तर नाही. रुसलेलं माणूस दिशा सांगत नाही. एका बाजूला दरी होती.

"आबजी, दरी आहे!"

उत्तर नाही. पण एक हात वर आला. त्या हाताने पिशवीतून जपमाळ पुन्हा बाहेर काढली आणि ती उजवीकडे हलवली. मनूचेहरने गाडी उजवीकडे घेतली. पुढच्या वळणावर माळ डावीकडे हलली. अम्मे मान पूर्ण वळवून, मागच्या काचेतून रस्ता बघत, एक अक्षर न बोलता सबंध घाट चढवत होती. तिचे यजमान ट्रक चालवायचे आणि ऐन तारुण्यात ती त्यांच्या शेजारी बसून याच घाटातून गेली होती. रस्ता तिला पाठ होता. रुसवा मोडायचा नाही आणि माणसंही मरू द्यायची नाहीत, हे तिला जमत होतं.

वरकूह गावात शिरले तेव्हा सूर्य मावळला होता. फार नाही, पण मावळला होता. मश यदुल्लांच्या घराचं फाटक बंद होतं. मनूचेहरने गाडी तशीच उलटी नेऊन फाटकाला टेकवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. आता दार वाजवायचं, उशीर का झाला ते सांगायचं, आणि मोज्यांपासून सुरुवात करायची. नुसत्या विचाराने त्याला घाम फुटला.

आत मश यदुल्ला कोर्सीच्या, म्हणजे खाली शेगडी ठेवलेल्या बैठ्या मेजाच्या, रजईत पाय घालून बसले होते. सूर्य टेकताच त्यांनी स्वतःच्या हाताने कडी घातली होती. मोठा करारी माणूस. पण कडी घातल्यापासून नात परसात जाऊन बसली होती, त्यांची सून, गोलरोखची आई, त्यांच्याशी बोलत नव्हती आणि समोरचा चहा तसाच गार झाला होता. शब्द तर देऊन बसलो, आता मागे कसं यायचं, हे त्यांना कळेना. तेवढ्यात बाहेर इंजिनाची किंकाळी ऐकू आली. ते तसेच, रजई खांद्यावर घेऊन, पायात काही न घालता फाटकाकडे धावले आणि त्यांनी कडी काढली.

समोर त्यांना काय दिसलं? पाहुण्यांची गाडी. लाल दिवे आपल्याकडे, तोंड घाटाकडे, इंजिन चालू. नवरदेव तर बोनेटवर चढून बसलेला, एवढी त्याला निघायची घाई. आणि मागच्या काचेत घरातलं सर्वांत मोठं माणूस, चादर कपाळापर्यंत, चेहरा असा की दगडाने शरमावं. मश यदुल्लांनी जे समजायचं ते समजलं. ही माणसं बर्फातून घाट चढून आली. फाटक बंद पाहिलं. आणि गाडी फिरवून निघाली.

"आगा मनूचेहर! थांबा!" म्हाताऱ्याने गाडीच्या छपरावर दोन्ही हात मारले. "कुठे निघालात? अहो, चहासुद्धा घेतला नाही!"

मनूचेहरने डोकं वर केलं. "नाही, आम्ही..."

"मनूचेहर," मागून आवाज आला. गाडी फिरवल्यापासूनचा पहिला शब्द. "गाडी बंद करू नकोस."

मनूचेहरने तोंड मिटलं. मश यदुल्ला मागच्या खिडकीशी आले. बर्फात अनवाणी उभे होते. "खानम, माझी चूक झाली. मी म्हातारा, हट्टी. तुमच्यासारखं माणूस दारात आलं आणि मी दार लावून बसलो. माझ्या तोंडात माती पडो. उतरा खाली."

अम्मे समोर बघत राहिली.

"खानम, तुम्हाला दुखावलं मी. या वयात, या थंडीत. मला क्षमा करा. पण त्या मुलीचा काही दोष नाही."

अम्मेने चादर कपाळावरून मागे सारली. परसातून गोलरोख धावत आली होती आणि बोनेटवरच्या सियामकच्या खांद्यांवरचा बर्फ ओढणीने झटकत होती. सियामकचे दात वाजत होते आणि तो हसत होता.

"मी संध्याकाळपासून," अम्मे हळूच म्हणाली, "एवढंच ऐकायला थांबले होते. की कुणीतरी म्हणावं, चुकलं."

मश यदुल्लांना वाटलं, हे आपल्याला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान खाली घातली. मनूचेहरला मात्र कळलं. तो दार उघडून बाहेर आला, बर्फातून मागे गेला आणि बहिणीच्या खिडकीशी उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"आबजी, चूक माझी आहे. त्यांची नाही. माझी."

"काय बोलता, आगा मनूचेहर!" मश यदुल्ला कळवळून म्हणाले. "केवढा मोठेपणा हा! नाही, नाही, चूक माझी."

"खरंच माझी आहे हो. मी त्यांना..."

"शपथ आहे तुम्हाला! माझ्या दारात तुम्ही चूक पत्करायची? मला लाजवू नका."

"अहो, पण ऐकून तर घ्या, माझीच..."

"असे व्याही मिळायला नशीब लागतं," मश यदुल्ला मागे जमलेल्या घरच्यांना म्हणाले आणि त्यांनी रजईच्या टोकाने डोळे टिपले.

मनूचेहर आणखी चार वेळा म्हणाला आणि चारही वेळा त्याला मिठी मारण्यात आली. अम्मे दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. त्यातली कुठली माफी खरी आहे हे त्या घोळक्यात तिला एकटीला ठाऊक होतं. तिने काच पूर्ण खाली केली, हात बाहेर काढला आणि मनूचेहरचा कान धरून, लहानपणी ओढायची तसा, हलकेच ओढला.

"पुरे आता," ती म्हणाली. "गाडी बंद कर. आणि त्या म्हाताऱ्याला आधी जोडे आणून द्या कुणीतरी."

मग तिने दार उघडलं, एक हात भावाला दिला, एक मश यदुल्लांना, आणि दोघांवरही सगळा भार टाकून ती घरात गेली.